जैबूनआपा आणि पाइपाचा रस्ता

जैबूनआपा कधी बेल वाजवायची नाही. बोटातल्या चांदीच्या अंगठीनं दारावर तीनदा टकटक करायची आणि तिसरी झाली की सरळ आत, मग तुम्ही केस विंचरत असा नाहीतर रडत असा. सुरुवातीला मला राग यायचा. आता ती जाऊन दीड वर्ष होत आलं, तरी सकाळी साडेपाचला माझे कान दाराकडंच असतात. शेजारी कोणी भांडं आपटलं तरी मी उठून उभी राहते, मग बसते, मग परत उठते आणि मैत्रीच्या कपाळाला हात लावून बघते.

मी वर्षा, मैत्री माझी मुलगी. आता चार वर्षांची होईल.

मला लिहायची सवय नाही. आठवीपर्यंत शाळा झाली, आमचं गाव हिंगोलीकडं, पुढची शाळा सहा किलोमीटरवर, घरात सायकल एकच आणि ती भावाला लागायची. म्हणून शाळा सुटली. विसाव्या वर्षी लग्न झालं, लगेच मैत्री झाली, ती दहा महिन्यांची असताना हे, म्हणजे राहुल, आम्हाला दोघींना बहरीनला घेऊन आले. हे सित्र्याला एका कंपनीत मेंटेनन्सला आहेत. कंपनीनं भाड्यानं घेतलेली चार मजली बिल्डिंग, सगळे तिथलेच कामगार आणि त्यांच्या बायका. पहाटे पाचला बस यायची आणि माणसं भरून न्यायची. बस गेली की बिल्डिंगमध्ये नुसत्या बाया आणि लेकरं. आणि मी. मला लिफ्टची भीती, एकटीनं टॅक्सीत बसायची भीती, खालच्या कोल्ड स्टोअर म्हणतात त्या किराणा दुकानात हिंदीत दूध मागायची भीती. एकदा दूध संपलं तर मी दुपारपर्यंत तशीच बसले होते, हे येतील म्हणून.

आम्ही चौथ्या मजल्यावर, आपा खाली तिसऱ्यावर राहायची. दापोलीकडची, खाडीकाठची. छप्पन्न वर्षांची, बुटकी, एक गुडघा दुखायचा म्हणून जिना उतरताना तो पाय आडवा टाकायची. तीस वर्षं झाली होती तिला बहरीनमध्ये, आधी नईम भागात जुन्या घरात, मग इकडं. नवरा इब्राहिमभाई, कंपनीत क्रेनवर फोरमन, अगदी गरीब माणूस, घरात असला तरी कळायचं नाही. दोन मुली, दोघींची लग्नं झालेली, एक मुंब्र्याला, एक दुबईला. आपा त्यांच्याशी तिच्या भाषेत बोलायची आणि त्या फोनवर इंग्लिशमध्ये उत्तर द्यायच्या. ते तसंच चालायचं, कोणाचं काही अडायचं नाही.

मी तिला आधी लांबून बघितलेलं. गॅलरीत उभी होते, मैत्री कडेवर, आणि खालून ही बाई सायकलवर आली. अंगात लांब काळा झगा, त्याच्यावर इब्राहिमभाईंचं कंपनीचं पिवळं जाकीट, चमकणाऱ्या पट्ट्यांचं, आणि सलवारीच्या दोन्ही पायांना कपडे वाळत घालायचे चिमटे लावलेले. एक लाल, एक निळा. मला वाटलं हिचं डोकं ठिकाणावर नाही. मग ओळख झाली आणि ती येता-जाता आमच्या दारावर टकटक करायला लागली.

मग ती सकाळ. मैत्री सोळा महिन्यांची होती. रात्रभर जरा अंग कोमट होतं, हे म्हणले औषध दे, दिलं, हे पाचला बसनं गेले. सहा-सव्वासहाला मी तिला दूध पाजायला घेतलं तर तिचे डोळे वर गेले. अंग ताठ, मग हातपाय झटके द्यायला लागले, ओठ निळे. मी ह्यांना फोन लावला, लागला नाही. लागणारच नव्हता, आत फोन न्यायची मनाई आहे, गेटवरच डब्यात ठेवून जावं लागतं, मला माहीत होतं तरी मी लावत राहिले. मग आमच्याकडं करतात तसं केलं. कांदा फोडून नाकाशी धरला. चप्पल हुंगवली. दातखीळ बसू नये म्हणून चमचा तिच्या तोंडात घालायला गेले आणि त्याच वेळी मी ओरडत होते, काय ते मला आठवत नाही.

टकटक झाली का तेही आठवत नाही. आपा आत आली आणि पहिलं काम तिनं काय केलं तर भिंतीवरच्या घड्याळाकडं बघितलं. मला अजून तो राग आठवतो. माझं लेकरू मरायला लागलंय आणि ही बाई वेळ बघती. मग तिनं माझ्या हातातून चमचा काढून घेतला, लांब फेकला, मैत्रीला चटईवर कुशीवर वळवलं, गळ्याजवळचं बटण काढलं आणि नुसती बसून राहिली.

"काहीतरी करा ना," मी म्हणलं.

"करतंय की. मोजतंय."

"आपा, ती मरंल."

"मरत नाय. माज्या धाकटीला तीनदा झाला होता असा, ताप चढला की. गप बस आणि तिचा हात नको दाबून धरू."

थांबलं ते. किती वेळानं मला विचाराल तर मी एक तास म्हणेन. आपा म्हणली दोन मिनिटं आणि वर थोडी. मैत्री मलूल पडली, मग बारीक रडली. आपानं टॅक्सी बोलावली आणि आम्ही सलमानियाच्या मोठ्या दवाखान्यात गेलो. तिथं लेकराला लगेच आत घेतलं. खिडकीवरच्या बाईनं कागदासाठी कार्ड मागितलं, इथलं सरकारी ओळखीचं.

कार्ड नव्हतं. माझंही नाही, मैत्रीचंही नाही. दोन्ही ह्यांच्या पाकिटात होती, आणि हे सित्र्याला. हे कोणी सक्तीनं केलेलं नव्हतं. आमच्या बिल्डिंगमधल्या सगळ्या बायकांनी आपापली कार्डं नवऱ्यांकडं देऊन ठेवलेली, आपल्या हातून हरवलं तर कोण निस्तरणार म्हणून. आम्हाला ते शहाणपण वाटायचं. खिडकीवरच्या बाईनं मग हिंदीत विचारलं, बच्ची का नाम, जन्म तारीख. आणि मला येईना. मी जन्म दिलेली पोर आणि मला तिची तारीख सांगता येईना. मी आपाकडं बघितलं. तिला माहीत होती, पंधरा दिवसांपूर्वी कशावरून तरी मीच सांगितलेली. ती खिडकीकडं पाठ करून उभी राहिली. म्हणली, "इनको पूछो. माँ ये है."

मागं रांग लागलेली. आपा भिंतीकडं बघत उभी. किती वेळ गेला देव जाणे, मग मी सांगितली.

तिथल्या मल्याळी सिस्टरनं नंतर समजावलं की लहान लेकरांना तापात असं होतं, मोठं झालं की बहुतेक जातं, पण तोपर्यंत परत होऊ शकतं. कुशीवर वळवायचं, तोंडात काही घालायचं नाही, वेळ बघायची, पाच मिनिटांच्या वर गेलं तर अॅम्ब्युलन्स. मला त्यातलं एकच ऐकू आलं. परत होऊ शकतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी अडीचला, बस आली तेव्हा आपा खाली गेटवर उभी. ह्यांना म्हणली, "राहुल, दोघींची कार्डं दे." ह्यांनी दिली, काय करतील. मग ती मजल्यामजल्यानं फिरली. अंगठीची टकटक आणि एकच प्रश्न, "तुजा कार्ड कुठे हाय?" पुरुष चिडले. आमच्याच मजल्यावरचे एक काका म्हणले, आपा, तुमचं स्वतःचं कुठं आहे? तिनं गळ्यातला दोरा ओढून झग्यातून कार्ड बाहेर काढलं, आंघोळीला पण घालत असेल असं वाटावं इतकं ते गळ्यात मुरलेलं, आणि म्हणली, "खलास?"

त्यानंतर माझी झोप गेली. मी दिवसातून वीस वेळा थर्मामीटर लावायचे. मैत्री झोपली तर श्वास बघायचे, जागी असली तर डोळे बघायचे. आणि मी आपाच्या मागं मागं. ती भाजी आणायला गेली तरी कधी येणार म्हणून फोन. ती आंघोळीला गेली तर तिच्या दारात बसून राहायचे. तिनं ते पंधरा दिवस सोसलं.

सोळाव्या दिवशी म्हणली, "उद्या राहुलची सेकंड शिफ्ट सुरू होते ना?"

आपाला बिल्डिंगमधल्या प्रत्येकाची शिफ्ट पाठ होती. फर्स्ट शिफ्टला नवरा पाचला जातो, नाइटला सकाळी येऊन मेल्यासारखा झोपतो. सेकंड शिफ्टच्या आठवड्यात मात्र नवरा सकाळी घरात असतो आणि जागा होऊ शकतो. तीन आठवड्यांतला तो एक. आपा म्हणायची, बायकांना बहरीनमध्ये महिन्याला दहा सकाळी मिळतात, त्या झोपेत घालवायच्या नाहीत.

"पोरीला बापाजवळ ठेव आणि साडेपाचला खाली ये," म्हणली.

"कशाला?"

"सायकल शिकायला."

मी हसले. मग रडले. म्हणलं आपा, माझ्या जिवाला इथं घोर लागलाय आणि तुम्हाला सायकल सुचती. ती म्हणली, "मना तुजा घोर घेता येत नाय गो. तो जड हाय. सायकल देता येते."

तिच्या धाकटीची शाळेतली जांभळी सायकल गॅलरीत पडून होती, तिला तिनं हवा भरून आणली. आमच्या बिल्डिंगच्या मागून एक रस्ता निघतो. रस्ता म्हणजे, पूर्वी तिथून तेलाची जुनी पाइपलाइन जायची, ती काढून टाकली, पण खालची भर टाकलेली पट्टी तशीच राहिली. सपाट, सरळ, रेघ ओढल्यासारखी. एका बाजूला पत्र्याची कुंपणं आणि गोदामं, दुसऱ्या बाजूला समुद्राचं उथळ पाणी, आणि थोडं लांब मोठा रस्ता, ज्याच्यावरून कंपन्यांच्या बसा जातात. आम्ही त्याला पाइपाचा रस्ता म्हणायचो. सकाळी तिथं दोन-चार माणसं चालायची, एक म्हातारे अरब बाबा रेडिओ घेऊन, आणि आपा. पुढं गेलं की पाण्यात हिरवी झुडपं लागतात. आपा तिथं दर वेळी थांबायची. "बघ, आमच्या खाडीची तिवरां," म्हणायची, जणू कोणी तिच्यासाठी आणून लावलीत. मी समुद्रच बहरीनला येऊन पहिल्यांदा बघितलेला, मला त्यात काय ते कळायचं नाही. मला घरी जायचं असायचं.

शिकवायची तिची रीत वेगळीच. सगळे मागून सीट धरतात, आपा धरायची नाही. तिनं सीट खाली केली, म्हणली पायडलकडं बघूच नको, दोन्ही पायांनी जमीन ढकलत चल, बदकासारखी. आणि स्वतः पुढं निघून गेली. मागं वळून बघणं नाही, काही नाही. मी मागून ओरडले, "आपा, मी पडले." ती पुढूनच म्हणली, "मग उठ."

एक वाक्य तिचं ठरलेलं होतं. भिवाचा तर भी, पाय चालव, म्हणजे भ्यायचं तेवढं भी पण थांबू नको. सायकलला तेच, भाकरी थापताना तेच, इंग्लिशमध्ये फोन आला तरी तेच. इब्राहिमभाई दाताच्या डॉक्टरकडं जायला तयार नव्हते तेव्हा त्यांनाही तिनं तेच सांगितलं. ते हळूच मला म्हणले, "दाताला कुठले पाय."

तिला स्वतःला सायकल अठ्ठेचाळीसाव्या वर्षी आली. शुगर निघाली, डॉक्टर म्हणले चाला, गुडघा म्हणला चालू नका, तेव्हा शेजारच्या फिलिपिनो बाईनं तिला सायकलवर बसवली. दुबईची मुलगी अजून फोनवर ओरडायची, मी ऐकलंय, "अम्मी, यू आर फिफ्टी-सिक्स, प्लीज." आपा म्हणायची, "हां गो, छप्पन्न. तू जेवलीस काय?"

तिला कशाची भीती नसेल असं मला वाटायचं. मग एकदा पाइपाच्या रस्त्यावर कुत्री आली. चार होती, हडकुळी, गोदामामागून आली आणि भुंकत रस्त्यात आडवी उभी राहिली. आपाची सायकल जागेवर थांबली. उतरली, सायकल तशीच टाकली आणि माझ्या मागं येऊन माझी ओढणी दोन्ही हातांनी धरली. तिचं तोंड पांढरं पडलेलं. काहीतरी दुआ पुटपुटत होती.

"आपा, काय झालं?"

"कुत्रे."

"मग?"

"मग काय मग. कुत्रे हायत ते."

आमच्याकडं शेतावर कुत्र्यांना कोण भितं. मी खाली वाकले, दगड उचलल्यासारखं केलं, दगड नव्हताच तिथं, नुसती वाळू, पण कुत्र्याला वाकणारा माणूस कळतो, सगळीकडं कळतो. पळाली सगळी. मी वळले तर आपा अजून ओढणी धरून उभी. मग म्हणली, "वर्षे, तू लैच धीट हायस गो." ती टिंगल करत नव्हती. मला आजपर्यंत असं कोणी म्हणलेलं नव्हतं, मी तिची सायकल उचलून दिली. त्यानंतर त्या वळणावर ती मला पुढं घालायची आणि मी पुढं जायचे. तेवढ्या तुकड्यात.

पण हे असं चांगलं चांगलं लिहिलं तरी माझी भीती काही गेली नव्हती. मी सायकल चालवताना सुद्धा मनात मैत्रीच असायची. एक दिवस तिवरांपर्यंत गेलो होतो आणि फोन वाजला. ह्यांचा. "मैत्रीचं अंग तापलंय, ये लवकर." मी सायकल वळवली. आपा म्हणली, "तू जा पुढे. माजा गुडघा पळत नाय." मी म्हणलं मी एकटी कशी जाऊ. तिनं मनगटावरचं घड्याळ बघितलं. मग मी निघाले. आयुष्यात इतक्या जोरात मी कधी गेले नाही. सगळ्या रस्त्यात मी मोठ्यानं बोलत होते, थांब बाळा, आले बाळा, रेडिओवाले बाबा बाजूला झाले, मी त्यांना काही म्हणलं पण नाही.

वर गेले तर ह्यांनी एसी बंद करून पोरीला दोन ब्लँकेटात गुंडाळून ठेवलेलं, ऑगस्ट महिन्यात. थर्मामीटरमध्ये ताप नव्हताच. पोर घामानं भिजून हसत होती.

त्या दिवशी ह्यांनी सायकल बंद म्हणून सांगितलं. त्यांचं पण चूक नव्हतं, ते माझ्याइतकेच घाबरलेले. थोड्या वेळानं तीन टकटक आणि आपा आत, चिमटे तसेच पायाला.

"आपा, हिला सायकलचं काय करायचंय?" हे म्हणले. "टॅक्सी आहे. मी आहे."

"तू कुठे हायस? तू सित्र्याला लोखंडाच्या आत हायस आणि तुजा फोन डब्यात हाय."

"उद्या पडली, हात मोडला, तर पोरीला कोण बघंल?"

"पडली की. चारदा पडली. तुला सांगितलान नाय तिनी?"

हे माझ्याकडं बघायला लागले. "चारदा?"

"पाचदा," मी म्हणलं. एकदा आपा पुढं निघून गेलेली तेव्हा.

ते उठून गॅसपाशी गेले. मग आपाला म्हणले, चहा घेणार का. म्हणजे झालं. पण आपानं चहा घेतला नाही. ती ब्लँकेटांच्या घड्या घालत म्हणली, "आज तिकडून इकडे कोण आला? टॅक्सी आली?" आणि गेली.

एक वर्ष असं गेलं, तीन आठवड्यांतला एक आठवडा. मैत्रीला मधे दोनदा ताप आला, झटका नाही. दोन्ही वेळेला आपा रात्रभर, दिवसभर आमच्याकडं. मी तोंडानं म्हणायचे मला आता जमतं, पण मनात हिशोब एकच, आपा खाली आहे. एक मजला खाली. माझं सगळं धैर्य एक मजला खाली राहत होतं.

मग इब्राहिमभाईंचं वय झालं. कंपनीनं एकदा वाढवून दिलं होतं, या वेळी नाही. आपानं मला सांगितलं ते पण सायकलवर, पुढं बघतच. "फेब्रुवारीत खलास गो. जातो आम्ही."

मी म्हणलं, "कुठं?"

"कुठे म्हणजे. घरी."

मी पाय टेकवले. म्हणलं अजून वाढवून मागा, नाहीतर विजिट व्हिसावर येऊन राहा. ती म्हणायची इंशाल्ला, इंशाल्ला, आणि कपाटं रिकामी करत होती. पडदे दुसऱ्या मजल्यावर गेले, मोठी पातेली चौथ्यावर. मी तिच्या घरात उभी राहायचे आणि रिकाम्या जागा मोजायचे. मला वाटायचं ही जाताना मला काहीतरी सांगेल, काहीतरी असं की त्यानं मला पुरेल. तिनं काही सांगितलं नाही. उलट शेवटी शेवटी तीच अस्वस्थ असायची. एका सकाळी तिवरांपाशी बसून म्हणली, "गावाला नऊ खोल्या बांधल्यात गो. झाडू मारायला मी एकटी."

"तिथं पण सायकल चालवा ना," मी म्हणलं. "तिथं तर खरी खाडी आहे."

ती माझ्याकडं अशी बघायला लागली की मी काहीतरी वावगं बोलले. "गावात? मी? सायकलवर?" मग ओशाळी हसली. "लोकां काय म्हणतील."

मला धक्का बसला. बहरीनमध्ये कोणाच्या बापाला न भिणारी बाई. मग मला कळलं की तिची सायकल ह्या एका पट्टीपुरतीच होती, तेवढे सहा-सात किलोमीटर, आणि तेही आता संपत होते. मला तेव्हा बोलायला हवं होतं.

कंपनीचे कागद लांबले, त्यामुळं त्यांचं विमान अगदी शेवटच्या दिवसाचं निघालं. ज्या दिवशी व्हिसा संपणार त्याच दिवशी, सकाळी अकराचं. आठला घर सोडायचं. इब्राहिमभाईंना त्याचाच घोर, विमान चुकलं तर काय काय होईल ते सगळ्यांना सांगत सुटलेले. आदल्या संध्याकाळी मी खाली गेले. ह्यांची फर्स्ट शिफ्ट होती, म्हणजे सकाळी मला घर सोडता येणार नव्हतं. आपा म्हणली, "मी येणार नाय सकाळी तुज्याकडे. एक फेरी मारीन आणि जाईन. रडारड मफी, अजिबात नाय." मैत्रीच्या गालाला हात लावला, मला नाही लावला. मी वर आले.

सकाळी पाचला हे गेले. साडेपाचला खाली सायकलच्या स्टँडचा आवाज झाला, मी गॅलरीत गेले नाही. मैत्री झोपलेली. संध्याकाळपर्यंत ठणठणीत खेळलेली पोर. पावणेसहाला मी हात लावला तर कपाळ भाजत होतं, आणि मी औषधाची बाटली घेऊन वळले तोवर तिचे डोळे वर गेलेले.

मी फोन घेतला. आपाचं नाव सगळ्यात वर होतं. अंगठा त्याच्यावर होता.

तिनं नाही म्हणलं नसतं. तेच तर. तिनं सायकल तिथंच टाकली असती, आडवा पाय टाकत जिना चढून आली असती, टॅक्सीत बसली असती, सलमानियाला रांगेत उभी राहिली असती आणि अकरा वाजून गेले असते. इब्राहिमभाई बॅगांवर बसून राहिले असते. आणि तिची ती फेरी. मी फोन चटईवर पालथा ठेवला.

पोरीला कुशीवर घेतलं. घड्याळ बघितलं. मी तिच्या अंगावर वाकून होते आणि काटा बघत होते, काटा पुढं जातच नव्हता. एक मिनिट. मी चप्पल हुंगवली नाही. दोन मिनिटं. मी देवाला काय बोलले ते लिहीत नाही. तीन मिनिटं झाली, वर दहा सेकंद, आणि हात सैल पडले. मग तिनं तोंड वाकडं केलं आणि रडली. मी कधी रडणं इतकं लक्ष देऊन ऐकलं नव्हतं.

टॅक्सीला मी फोन केला. पत्ता मी सांगितला, हिंदीत, दोनदा. लिफ्टमध्ये मैत्रीला छातीशी धरून एकटी उतरले. ड्रायव्हर पठाण होता, वयस्कर. सलमानिया म्हणलं, जल्दी म्हणलं. त्यानं मागं एकदा बघितलं आणि गाडी काढली.

मोठा रस्ता काही अंतर पाइपाच्या रस्त्याच्या बाजूनं जातो. सूर्य नुकताच वर आलेला, पाणी पांढरं दिसत होतं. मैत्री माझ्या खांद्यावर, तापलेली, पण श्वास मानेला लागत होता. मी खिडकीतून बघितलं. लांब, त्या सरळ पट्टीवर, पिवळं जाकीट. एकटीच होती. तिवरांच्या पुढं गेलेली, जिथं आम्ही कधी गेलो नव्हतो कारण मला घरी यायचं असायचं. हळूहळू चाललेली, एक गुडघा बाहेर काढून, घाई नसल्यासारखी. झगा वाऱ्यानं फुगलेला. काळा मोठा फुगा आणि त्याच्यावर पिवळं.

माझ्या तोंडातून आपा असं निघालं असणार, कारण ड्रायव्हरनं आरशात बघितलं. "कोई अपना है? रोकूँ?"

गाडी तिच्या बरोबरीला आली, मग पुढं निघाली.

"नहीं भैया," मी म्हणलं. "चलाते रहो."